अमेरिकन पत्नीच्या हमीवर इमिग्रंट व्हिसा: फोंड्याचे कुळागर धरता येते का?

कुळागरवाला – १४ जून २०२५

नमस्कार. विषय थोडा लांबणार आहे, म्हणून आधीच क्षमा मागून ठेवतो.

मी फोंडा तालुक्यात राहतो आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधकंपनीत नोकरी करतो. माझ्या पत्नीचा जन्म न्यू जर्सीतला असल्यामुळे ती जन्माने अमेरिकन नागरिक आहे. लग्न झाल्यावर, म्हणजे २०२१ पासून, ती इथे आमच्या घरीच राहते. आम्हांला दोन वर्षांची मुलगी आहे, तिचा अमेरिकन पासपोर्ट गेल्या वर्षीच काढून घेतला. सासऱ्यांची तब्येत आता पूर्वीसारखी राहिली नाही, त्यामुळे तिकडे जाऊन राहायचे असे आम्ही दोघांनी ठरवले आणि तिने माझ्यासाठी आय-१३० हा जोडीदाराला नेण्याचा अर्ज केला. तो मंजूर झाला, प्रकरण मुलाखतीआधी कागद तपासणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे आले आणि ३२५ व १२० डॉलर अशी दोन्ही शुल्के आम्ही भरली.

इथपर्यंत सगळे सुरळीत झाले. घोडे अडले आहे ते आय-८६४ या आर्थिक हमीपत्रावर.

पत्नी घरूनच मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेते आणि त्यातून महिन्याला साधारण ३५ हजार रुपये येतात. तिने अमेरिकेत आजवर कधीही कर-विवरणपत्र भरलेले नाही, कारण कॉलेज संपताच ती इथे आली आणि भारतातल्या कमाईचा हिशेब तिकडे द्यायचा असतो हे आम्हांला कुणी सांगितलेच नाही. माझा पगार बरा आहे. आमच्या दोघांच्या नावावर १२ लाखांची मुदत ठेव आहे आणि माझे म्युच्युअल फंड ९ लाखांचे आहेत. याखेरीज वडिलोपार्जित घर आहे आणि घराला लागून सुपारीचे कुळागर, म्हणजे बागायत, आहे. आजच्या भावाने त्याचे एक कोटीच्या वर होतील असे गावातले लोक म्हणतात.

दोन माणसांच्या कुटुंबाला वर्षाला २६,४३७ डॉलर उत्पन्न दाखवावे लागते असे मी वाचले. ते आमच्याकडे नाही. अशा वेळी माझा पगार मोजता येतो का, आणि नसेल तर कुळागर दाखवून भागते का, हे कुणी अनुभवाने सांगू शकेल काय?

मांडवीकाठ – १४ जून २०२५

मी मूळचा पणजीचा. माझा स्वतःचा व्हिसा पत्नीच्या अर्जावर झाला आणि आता आम्ही अमेरिकेत असतो. तुमच्या हिशेबात पहिल्या पायरीलाच एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करतो.

तुमची मुलगी अमेरिकन नागरिक आहे, तिला व्हिसा लागत नाही, म्हणून तुम्ही तिला मोजले नाही. हमीपत्रातली कुटुंबसंख्या मात्र व्हिसा लागणाऱ्यांची नसते. पत्नीवर अवलंबून असलेली सगळी माणसे आणि नव्याने येणारा माणूस यांची ती बेरीज असते. पत्नी, मुलगी आणि तुम्ही असे तिघे झालात. २०२५ च्या तक्त्यानुसार तिघांसाठी ३३,३१२ डॉलर लागतात. अमेरिकन सरकार दरवर्षी दारिद्र्यरेषेचे आकडे जाहीर करते आणि त्याचे १२५ टक्के काढून हा तक्ता तयार होतो, त्यामुळे आकडा दरवर्षी बदलतो आणि कागद दाखल करण्याच्या वेळचा तक्ता पाहावा लागतो. सैन्यात सक्रिय सेवेत असलेल्या माणसाला पती, पत्नी किंवा मुलांसाठी १०० टक्केच पुरतात, पण तो प्रश्न तुमच्या घरी नाही.

आता तुमचा पगार. व्हिसा मिळणाऱ्या जोडीदाराचे उत्पन्न मोजतात, परंतु अमेरिकेत गेल्यावरही ते त्याच ठिकाणाहून येत राहणार असेल तरच. वेर्ण्याची नोकरी सोडूनच तुम्ही विमानात बसणार, तेव्हा तो पगार या कागदापुरता शून्य समजा. पत्नीच्या शिकवण्या तिकडे जाऊनही चालू राहणार असतील तर त्या दाखवता येतील, पण वर्षाचे चार लाख वीस हजार म्हणजे जेमतेम पाच हजार डॉलर होतात.

तिसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्यासारख्या प्रकरणात बहुतेक माणसे तिथेच ठेचकाळतात. स्पॉन्सर, म्हणजे हमी देणारा, अमेरिकेचा रहिवासी असावा लागतो. नुसते नागरिकत्व पुरत नाही. पत्नी चार वर्षे फोंड्यात आहे, म्हणून ती परत तिथे राहायला जात आहे आणि तुमच्या आधी किंवा तुमच्यासोबतच जाणार आहे हे कागदांनी दाखवावे लागेल. न्यू जर्सीतले बँक खाते चालू आहे का, वाहन-परवाना नूतनीकृत केला का, मतदारयादीत नाव आहे का, आईवडिलांच्या घरी राहणार असल्यास त्यांचे पत्र आणि घराचे कागद, नोकरीसाठी केलेले अर्ज, अशा गोष्टी गोळा करायला आजपासून लागा. एकच भक्कम कागद शोधत बसण्यापेक्षा लहान लहान सात-आठ कागद एकत्र ठेवले की चित्र स्पष्ट होते, असा माझा अनुभव आहे.

शेवटचे म्हणजे, उत्पन्न शून्य असले तरी पत्नीला आय-८६४ भरावेच लागते. दुसरा कुणी जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे सोबत हमी देणारा, उभा राहिला म्हणजे मूळ अर्जदाराची सुटका झाली असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. जॉइंट स्पॉन्सर तिच्या शेजारी उभा राहतो, तिच्या जागी नव्हे.

पेडण्याची लेक – १५ जून २०२५

करविवरणाबद्दल लिहिते, कारण आमच्या घरी नेमकी हीच पाळी आली होती. फरक एवढाच की आमच्याकडे अमेरिकन नागरिक नवरा होता आणि तो सहा वर्षे पेडण्यात राहून मोकळा झाला होता.

अमेरिकन नागरिक जगात कुठेही कमावत असला तरी त्याला तिकडे विवरणपत्र भरावे लागते. परदेशी कमाईवर सूट आहे. २०२४ या वर्षासाठी ती १,२६,५०० डॉलरपर्यंत होती, म्हणजे तुमच्या पत्नीला बहुधा आयकर म्हणून एक पैसाही द्यावा लागणार नाही. पण सूट मिळते ती विवरणपत्र भरून मागणाऱ्याला. तिचा जोडीदार अमेरिकेचा रहिवासी नाही, म्हणून साधारणपणे ‘विवाहित, स्वतंत्र विवरणपत्र’ हा दर्जा घ्यावा लागतो आणि त्या दर्जात विवरणपत्र भरण्याची किमान मर्यादा पाच डॉलर आहे. पाच हजार नव्हे, पाच. मी तो आकडा तीनदा वाचला होता. सोबत मूल राहत असल्यास दुसरा दर्जाही काही वेळा मिळतो, ते अमेरिकन कर जाणणाऱ्या सीपीएला (तिकडच्या सनदी लेखापालाला) विचारून ठरवावे. तुमचा सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही, त्या रकान्यात ‘एनआरए’ (अनिवासी परदेशी) एवढे लिहितात.

शिकवण्या हा स्वतःचा व्यवसाय धरला जातो, हेही सीपीएला पहिल्याच भेटीत सांगा. परदेशी कमाईची सूट आयकराला लागते, स्वयंरोजगारावरच्या सोशल सिक्युरिटीच्या कराला लागत नाही, त्यामुळे तिथे थोडे पैसे निघू शकतात.

ज्यांनी जाणूनबुजून नव्हे, तर अजाणतेपणी भरले नाही त्यांच्यासाठी एक सुलभ योजना आहे. तिच्यात मागील तीन वर्षांची विवरणपत्रे आणि सहा वर्षांचे परदेशी बँकखात्यांचे अहवाल एकदम देता येतात. तुमच्या मुदत ठेवीवर पत्नीचेही नाव आहे असे तुम्ही लिहिले आहे. नागरिकाच्या परदेशी खात्यांतली एकत्रित रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की तो अहवाल द्यावा लागतो आणि १२ लाख म्हणजे तेवढे होतातच.

विवरणपत्रे गेल्यावर करखात्याकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे त्यांचा अधिकृत उतारा, मागवा, ते विनामूल्य मिळते. उशिरा भरलेले विवरणपत्र तिथे दिसायला काही आठवडे लागतात. आमचा सगळा उशीर त्या आठवड्यांतच झाला. नवरा रोज सकाळी चहाच्या कपासोबत संगणक उघडून पाहायचा आणि ‘आजही नाही’ म्हणून मिटायचा.

कुळागरवाला – १५ जून २०२५

दोघांचेही मनापासून आभार. मुलीला मोजायचे असते हे ऐकून पत्नी आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो.

आता मालमत्तेबद्दल. उत्पन्न कमी पडल्यास नागरिकाच्या जोडीदाराला तुटीच्या तिप्पट मालमत्ता दाखवता येते असे कळले. उत्पन्न अगदी शून्य धरले तरी ३३,३१२ ची तिप्पट ९९,९३६ डॉलर होते, म्हणजे डॉलर ८५ रुपये धरून सुमारे ८५ लाख. कुळागर त्याहून जास्त किमतीचे आहे. मग ते का चालू नये?

खरे सांगायचे तर जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव आहे. त्यांना जाऊन एकोणीस वर्षे झाली. वडील, दोन काका आणि एक आत्या असे वारस आहेत. वडील गेले, त्यांच्यामागे आई आणि आम्ही तीन भाऊ. कुळागराच्या खालच्या अंगाला एका मुंडकाराचे (मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे) घर आहे, पण त्यांच्याशी आमचे कधी वाकडे नाही.

जुना कारकून – १६ जून २०२५

जमिनीच्या कागदांत माझा जन्म गेला, म्हणून या एका मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहितो. अमेरिकेच्या बाजूचे नियम वरच्या मंडळींनी सांगितलेच आहेत.

हमीपत्रात मालमत्ता धरतात ती वर्षभरात रोख पैशात बदलता येईल अशी आणि ज्याची मालमत्ता दाखवायची त्याच्या मालकीची. परदेशातली मालमत्ता चालते, मात्र विकून आलेला पैसा देशाबाहेर नेता येतो हे दाखवावे लागते. घर किंवा जमीन असल्यास मालकीचा पुरावा, अधिकृत मूल्यांककाचा अलीकडचा अहवाल आणि तिच्यावर असलेल्या कर्जाचा तपशील हवा. या तराजूत तुमचे कुळागर घालून पाहा.

तुमच्या एक-चौदावर आजोबा अजून जिवंत आहेत. त्यांच्यानंतर वारसाहक्काचा दस्त, ज्याला जुनी माणसे अजून हाबिलितासांव म्हणतात, तो झाला आहे का? नसेल तर वारस कोण हेच कागदावर ठरलेले नाही. दस्त झाला तरी वाटण्या होत नाहीत. त्यासाठी सगळ्यांच्या संमतीचा वाटणीपत्र-दस्त किंवा न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणी करण्याचे प्रकरण, लागते. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला कायदा आहे. आता वारसा आणि इन्व्हेंटरी यांचे काम २०१२ च्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्याने चालते, पण गाभा तोच आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते आणि त्यात वारशाने येणारीही आली. म्हणून विक्रीच्या दस्तावर प्रत्येक वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. काका, काकी, आत्या, आतोबा, आई, तुम्ही तीन भाऊ आणि तुमच्या बायका, एवढ्या सह्या मोजा. त्यांतला एकजण दुबईत असला आणि एकजण रुसलेला असला की वर्ष कुठल्या कुठे जाते.

मुंडकाराशी तुमचे वाकडे नाही हे चांगलेच आहे. पण १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि राहते घर विकत घेण्याचा हक्कही आहे. मूल्यांककाच्या अहवालात त्याची नोंद येणार आणि ती येऊ नये म्हणून कुणी सल्ला दिला तर त्या माणसापासून चार हात लांब राहा.

माझे मत स्पष्टच सांगतो. एक कोटीचे कुळागर या हमीपत्रासाठी आज शून्य रुपयांचे आहे. त्याच्या मागे लागून व्हिसा अडकवू नका. मुदत ठेव आणि म्युच्युअल फंड यांची गोष्ट वेगळी आहे. ते मोडता येतात, तुमच्या नावावर आहेत आणि रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली निवासी भारतीयाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. एप्रिल २०२५ पासून १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते. ती रक्कम पुढे आयकरात वळती होते किंवा परत मिळते, पण पाठवण्याच्या दिवशी ती हाताशी नसते हे लक्षात ठेवा.

स्विंडनकर – १६ जून २०२५

थोडे बाजूचे लिहितो. इंग्लंडातल्या गोवेकरांना हीच गाठ वेगळ्या रीतीने सोडवावी लागते. इथे जोडीदाराच्या व्हिसासाठी ११ एप्रिल २०२४ पासून किमान उत्पन्न २९,००० पौंड झाले आहे. त्याआधी २०१२ पासून ते १८,६०० होते. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या आमच्या पोरांनी २०२० नंतर गावी जाऊन लग्ने केली त्यांना साधारणपणे हाच आकडा गाठावा लागतो. जॉइंट स्पॉन्सर हा प्रकार इथे नाही आणि जोडीदाराची गोव्यातली कमाई धरत नाहीत. नुसत्या शिलकीवर भागवायचे तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात असावे लागतात. तुमच्याकडे मामा, काका, मित्र कुणीतरी सही करू शकतो, ही सोय लहान समजू नका.

म्हादईपार – १७ जून २०२५

खात्यात पैसे ‘दाखवण्या’बद्दल माझा अनुभव सांगतो, कारण लवकरच कुणीतरी तुम्हांला तो सल्ला देणार आहे.

आमच्या एजंटाने सांगितले की मुलाखतीआधी खाते फुगवा, पुढचे मी बघतो. मेहुण्याने ३० लाख पाठवले, मुलाखतीनंतर ते परत करायचे असे ठरले. हमीपत्राबरोबर बँकखात्याचे मागील बारा महिन्यांचे विवरण द्यावे लागते हे मला माहीत नव्हते. अकरा महिने सव्वा ते दीड लाख आणि बाराव्या महिन्यात एकदम एकतीस लाख, असा तो कागद होता. मी तो स्वतःच्या हाताने फाइलला लावला होता. मुंबईत मुलाखतीच्या वेळी खिडकीपलीकडच्या बाईंनी त्या एका ओळीवर पेनाचे टोक ठेवले आणि हे कुणाचे, असे विचारले. मी खरे ते सांगितले. हातात २२१(जी) ची, म्हणजे निर्णय अडवून आणखी कागद मागणारी, चिठ्ठी आली, जॉइंट स्पॉन्सर आणा असे तीत होते. चूक माझी होती. परतीच्या कोकणकन्येत रात्रभर झोप लागली नाही.

नंतर अमेरिकेतल्या शाळकरी मित्राने सही केली. जॉइंट स्पॉन्सर नातेवाईक असावा लागत नाही. अठरा वर्षे पूर्ण असलेला, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आणि अमेरिकेत राहणारा असला म्हणजे झाले. माझे काम पुढे पाच महिन्यांनी झाले.

कुळागरवाला – १९ जून २०२५

कुळागराचा विषय मी डोक्यातून काढला. आईला सांगितले तर ती म्हणाली, बरे झाले.

पत्नीचे मामा टेक्सासमध्ये आहेत. ते नागरिक आहेत आणि त्यांचे वार्षिक उत्पन्न ६१,००० डॉलर आहे. घरी ते, मामी आणि कॉलेजात जाणारा एकोणीस वर्षांचा मुलगा. त्यांना विचारले तर ते नाही म्हणाले नाहीत, पण हो म्हणायलाही वेळ लावत आहेत. चार वर्षांपूर्वी मामींच्या भावाला आणि त्याच्या पत्नीला त्यांनीच सही देऊन आणले होते. मामांना नेमकी कशाची भीती वाटत असावी, आणि त्यांचे उत्पन्न पुरेल का?

माडाखालचा – १९ जून २०२५

एवढे घाबरण्यासारखे त्यात काही नाही. ती निव्वळ औपचारिकता असते. आमच्या ओळखीत दहाजणांनी सह्या केल्या, कुणाला एक पत्रसुद्धा आले नाही. मामांना सांगा, डोळे मिटून सही करा.

मांडवीकाठ – २० जून २०२५

माडाखालचे भाऊ, रागावू नका, पण डोळे मिटून करण्यासारखी ही सही नाही. मामा वेळ लावत आहेत याचा अर्थ त्यांनी कागद वाचला आहे.

१९ डिसेंबर १९९७ पासून लागू झालेले हे हमीपत्र म्हणजे अमेरिकन सरकारशी केलेला करार आहे. आलेल्या माणसाने काही ठरावीक सरकारी मदत घेतली, उदाहरणार्थ मेडिकेड (गरिबांसाठीची आरोग्य मदत) किंवा अन्नधान्याची मदत, तर देणारी संस्था सही करणाऱ्याकडून ती वसूल करू शकते. आलेला माणूस स्वतःदेखील या कागदाच्या जोरावर आधार मागत न्यायालयात जाऊ शकतो. जबाबदारी संपते ती तो माणूस नागरिक झाला, त्याच्या खात्यात कामाच्या चाळीस तिमाह्या जमा झाल्या, तो ग्रीन कार्ड सोडून कायमचा निघून गेला किंवा दोघांपैकी कुणी वारले तर. चाळीस तिमाह्या म्हणजे सलग काम केल्यास दहा वर्षे. घटस्फोटाने ती संपत नाही. उद्या तुमचे आणि पत्नीचे बिनसले तरी मामांची सही तुमच्या नावापुढे तशीच राहते. पत्ता बदलला तर तीस दिवसांत कळवण्याचे बंधनही त्यांच्यावर येते. ओळखीतल्या दहाजणांना पत्र आले नाही, कारण त्यांच्या माणसांनी मदत घेतली नाही. कागदात तसे काही लिहिलेले नव्हते म्हणून नव्हे.

आता मामांचा हिशेब. घरचे तीन, मामींचा भाऊ आणि त्याची पत्नी हे दोन, कारण ते अजून ग्रीन कार्डवर असतील तर जुनी हमी चालू आहे, आणि सहावे तुम्ही. तुमची पत्नी आणि मुलगी मामांच्या संख्येत येत नाहीत. सहाजणांसाठी ५३,९३७ डॉलर लागतात, म्हणजे ६१,००० पुरतात. त्यांचे ट्रान्सक्रिप्ट, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा दाखला), नोकरीचे पत्र आणि नागरिकत्वाचा पुरावा घ्या. मेहुण्याची दोन माणसे मोजायला विसरलेला अर्ज मी पाहिला आहे. तो परत आला होता.

पण मला वेगळेच सुचवायचे आहे. तुमच्या पत्नीला रहिवास दाखवण्यासाठी तिकडे जायचेच आहे. ती मुलीला घेऊन तीन-चार महिने आधी गेली आणि तिथे कोणतीही पूर्णवेळ नोकरी धरली तर काय होते ते पाहा. न्यू जर्सीत २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर आहे. आठवड्याला चाळीस तास आणि वर्षाचे बावन्न आठवडे धरले की ३२,२१९ डॉलर होतात. ३३,३१२ ला १,०९३ कमी पडले. त्याची तिप्पट ३,२७९ डॉलर, म्हणजे पावणेतीन लाखांहून थोडे अधिक रुपये. ते तुमच्या मुदत ठेवीतच आहेत. हमीपत्रात चालू वर्षाचे उत्पन्न विचारतात, ते नोकरीच्या पत्राने आणि पगाराच्या चिठ्ठ्यांनी दाखवायचे असते. नोकरी नवी असेल तर अधिकाऱ्याला ती टिकाऊ वाटेल की नाही हा त्याचा निर्णय, म्हणून मामांचे कागद हाताशी असू द्यात. पण पहिला हात पत्नीच्या नोकरीवर ठेवा.

पेडण्याची लेक – २० जून २०२५

वरच्या हिशेबाला दुजोरा. एकच जोड देते. दोन वर्षांच्या मुलीला घेऊन एकटीने पूर्णवेळ नोकरी करणे सोपे नाही, सासरे आजारी असताना तर नाहीच. कागदावर चाळीस तास लिहिणे सोपे असते. तिकडे आजीचा हात आहे का, हे विमानाचे तिकीट काढण्याआधी नीट बोलून घ्या.

कुळागरवाला – ९ नोव्हेंबर २०२५

धागा वर आणत आहे, कारण इतक्यांनी वेळ दिला आणि पुढे काय झाले हे न सांगणे बरे दिसत नाही.

पत्नी ऑगस्टमध्ये मुलीसह गेली. परवाना नवा करून घेतला, मतदार-नोंदणी केली आणि आईवडिलांच्या घराचा पत्ता सगळीकडे लावला. पहिले दोन आठवडे नोकरी मिळाली नाही. मग सासूबाईंच्या ओळखीतून एका पाळणाघरात तासाला १७ डॉलरवर पूर्णवेळ काम मिळाले आणि मुलीलाही तिथेच ठेवता आले. वर्षाचे ३५,३६० होतात. विवरणपत्रे तीन वर्षांची गेली, ट्रान्सक्रिप्ट यायला दोन महिने लागले. आम्ही आय-८६४ तिच्या पगारावर भरले आणि सोबत मुदत ठेवीचे बारा महिन्यांचे विवरणही लावले, न लागले तरी असू दे म्हणून. गेल्या आठवड्यात कागद पूर्ण असल्याची मेल आली. आता मुंबईच्या मुलाखतीच्या तारखेची वाट पाहत आहे.

मामांनी जुलैत सही करून पाठवली. त्याआधी त्यांनी मला फोन करून कराराचा भाग ओळीओळीने मराठीतून वाचून दाखवायला लावला. घटस्फोटाच्या ओळीपाशी मी थांबलो, तर ते म्हणाले, थांबू नका, वाचा, ती मी दोनदा वाचली आहे. पाकीट माझ्या कपाटात आहे, अजून अपलोड केलेले नाही. मुलाखतीला जाताना सोबत नेईन.

कारकूनसाहेब, हाबिलितासांवच्या कामाला आम्ही तिघा भावांनी आणि काकांनी हात घातला आहे. आत्याचा पासपोर्टवरचा आणि जन्मदाखल्यावरचा स्पेलिंग जुळत नाही, तिथे गाडी थांबली आहे. उताऱ्यावर अजून आजोबाच आहेत.